कापलेली साडेसात मिनिटं

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पहिल्या परीक्षार्थीने बाहुलीला एका मिनिटात शहाण्णव श्वास दिले. द्यायचे चाळीस असतात.

परीक्षा घेणाऱ्या बाईंना वाटलं, घाबरली असेल. परीक्षा पडद्यावर होती. समोरची नर्स दीडशे किलोमीटरवरच्या एका उपकेंद्रात टेबलापाशी उभी होती आणि तिने फोन औषधांच्या खोक्याला टेकवून ठेवला होता. बाईंनी तिला पाणी प्यायला सांगितलं आणि दुसरीला जोडून घेतलं. दुसरीने चौऱ्याण्णव दिले. तिसरी अकरा वाजता आली. तिचा हात इतका वेगात चालला होता की बाहुलीची छाती वर आली ती खाली बसलीच नाही.

"थांबा, थांबा," बाई म्हणाल्या. "कुठे आग लागलीय? मिनिटाला श्वास किती?"

"चाळीस, बाई."

"आणि तुम्ही दिले किती?"

"चाळीसच ना? व्हिडिओत दाखवलंय तसंच केलं मी."

बाई एकवीस वर्षं एकच गोष्ट शिकवत होत्या. जन्मल्यावर न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला बॅग आणि मास्कने श्वास कसा द्यायचा, ही ती गोष्ट. बॅग म्हणजे मुठीत धरता येईल असा रबरी फुगा. मास्क बाळाच्या नाकातोंडावर बसवायचा, फुगा दाबायचा, हवा आत जाते. मग सोडायचा आणि छाती खाली बसू द्यायची. सगळं कसब त्या सोडण्यात आहे. वेळ दिला नाही तर हवा आत साठत जाते आणि इतक्याशा फुफ्फुसाला ती पेलवत नाही.

पूर्वी हा कोर्स पाच दिवसांचा असे. नर्सा प्रशिक्षण केंद्रात येऊन राहत. बाई प्रत्येकीच्या मागे उभ्या राहत, "दाबा" म्हणत आणि पुढचे दोन आकडे बोटांनी तिच्या पाठीवर वाजवत. टक, टक. तोंडातून आवाज नाही. मोठ्याने मोजणारीचं लक्ष स्वतःच्या मोजण्याकडे जातं, बाळाच्या छातीकडे राहत नाही, असा त्यांचा अनुभव होता. तीन दिवसांत ती टकटक नर्सेच्या हातात उतरत असे.

मग कोर्स घरबसल्या करायचा ठरला. त्याला कारणही तसंच होतं. नर्स पाच दिवस प्रशिक्षणाला गेली की तिच्या उपकेंद्राला कुलूप लागायचं, आणि मागल्या वर्षी एक बाई अशाच एका कुलपाबाहेर, पायऱ्यांवर बाळंत झाली होती. त्यानंतरच्या बैठकीत "कोर्स त्यांच्यापर्यंत न्या" असं सगळ्यात आधी बाईच म्हणाल्या होत्या. आठ पाठ झाले. अडतीस नर्सांना टपालाने बाहुली, बॅग आणि मास्क गेले. लेखी परीक्षा झाली. श्वास किती, या प्रश्नाला अडतीसच्या अडतीस जणींनी चाळीस हेच उत्तर लिहिलं होतं.

अकरा वाजून बारा मिनिटांनी बाईंनी चौथ्या परीक्षार्थीला थांबायला सांगितलं, पडदा बंद केला आणि जिन्याने खाली गेल्या.

खाली संगणकाच्या खोलीत त्यांचा दीर बसत असे. केंद्राची सगळी चित्रफीत, आवाज, पोर्टल तोच सांभाळी. चाळिशीचा माणूस, दोन मुलींचा बाप. कुठल्याही अडचणीला "त्याला एक बटण आहे" असं उत्तर देण्याच्या सवयीमुळे अख्खं ऑफिस त्याला बटणराव म्हणत असे. लोकांसमोर तो बाईंना मॅडम म्हणे.

"पाचवा पाठ लावा," बाई म्हणाल्या.

"आत्ता? परीक्षा चाललीय ना, मॅडम?"

"भाऊजी, लावा."

पाठ सुरू झाला. पडद्यावर फक्त बाहुली आणि दोन हात दिसत होते. मागून बाईंचा आवाज येत होता. दाबा. दाबा. दाबा. दाबा. एकाला एक चिकटून. फुगा दाबलेला दिसे, लगेच पुन्हा दाबलेला दिसे. मधलं काही नव्हतंच.

बाईंनी घड्याळ लावून मोजलं. शहाण्णव.

"हे मी असं बोललेच नाही," त्या म्हणाल्या. "मध्ये मी थांबले होते."

"थांबला होतात ना. किती थांबला होतात!" बटणराव म्हणाला. "एकोणीस मिनिटं वीस सेकंदांचा पाठ होता, वहिनी. पोर्टलवर बारा मिनिटांच्या वर चढत नाही, खेड्यात नेट कुठे असतं? मग मी काय केलं..." त्याच्या तोंडावर काहीतरी उमटायला लागलं होतं. "एक बटण आहे. 'शांतता काढा' म्हणून. अर्ध्या सेकंदाच्या वरची जिथे जिथे शांतता असेल ती उडवतं. साडेसात मिनिटं निघाली. मला वाटलं, तुम्हाला पुढचं वाक्य आठवत नसेल म्हणून थांबताय."

"एकवीस वर्षं मला पुढचं वाक्य आठवत नाहीये?"

"मला काय माहीत, वहिनी? मी कुठे बाळांना श्वास देतो?" त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "पण तुम्ही पाहिलात ना नंतर? सही आहे तुमची."

सही होती. प्रत्येक पाठाच्या कागदावर 'पाहिले, बरोबर आहे' या ओळीखाली आठही ठिकाणी त्यांची सही होती. बाईंना स्वतःचा आवाज ऐकवत नाही. घरी कोणी लग्नकार्याची चित्रफीत लावली की त्या उठून स्वयंपाकघरात जातात. त्यांनी एकही पाठ पाहिला नव्हता.

"किती जणींनी पाहिलाय हा?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी. कोणी किती वेळा तेही दिसतं." त्याने यादी काढली. बहुतेकींच्या नावापुढे दोन, तीन, पाच असे आकडे होते. काहींपुढे एक. आणि एका नावापुढे एकसष्ट.

"हे कोण?"

"ही टाचण," बटणराव म्हणाला. नाव त्यानेच पाडलं होतं. नावनोंदणीच्या वेळी या नर्सेच्या शंकांचं पानभर पत्र आलं होतं, कलमवार, खाली रेघ मारून. "खाणीजवळच्या उपकेंद्रातली. फार हुशार आहे."

बाईंनी यादी नव्याने लावायला सांगितली. ज्यांनी जास्त वेळा पाहिलाय त्या वर. जिने एकदाच पाहिला तिची काळजी कमी होती.

अकरा वाजून तीस मिनिटांनी दोघं साहेबांच्या केबिनमध्ये होते. साहेब केंद्राचे प्रमुख. स्वतः डॉक्टर, पण पंधरा वर्षांत त्यांच्या हातात स्टेथोस्कोपपेक्षा पेनच जास्त राहिलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि पाठ दोनदा पाहिला.

"सगळ्यांना मेसेज टाकतो," बटणराव म्हणाला. "आत्ता. पाचवा पाठ चूक आहे, त्याप्रमाणे करू नका. एका बटणाचं काम."

"टाकू नकोस," साहेब म्हणाले.

"साहेब, लपवून कसं चालेल?" बाई म्हणाल्या.

"लपवायचं कोण म्हणतंय? तुम्ही नीट विचार करा, बाई. तुम्ही लांबच्या उपकेंद्रातली नर्स आहात. एकटी आहात. मेसेज आला, शिकलात ते चूक आहे. तासाभराने बाळ आलं आणि रडेना. तुम्ही काय कराल?"

उत्तर बाईंना माहीत होतं. ती बॅग खाली ठेवेल. पाठ थोपटेल, पाय चोळेल, गाडीची वाट बघेल. भरभर दिलेला श्वास वाईट, पण अजिबात न दिलेला त्याहून वाईट.

"शंभरातल्या चार-पाच बाळांनाच बॅग लागते," साहेब म्हणाले. "हाताशी वेळ आहे आपल्या. पण मेसेज नको. प्रत्येकीला फोन लावायचा आणि फोनवर तिच्याकडून करून घ्यायचं. ती मोजेल, तुम्ही ऐकाल. हात बसला की पुढचा फोन." मग त्यांनी चष्मा काढला. "आणि वरती कळवावं लागेल. तांत्रिक चूक असं लिहू. संपादनातली."

बटणराव खाली पाहू लागला. त्याची नोकरी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर होती आणि साहेबांकडे त्याचं नाव बाईंनीच दिलं होतं.

"सही माझी आहे," बाई म्हणाल्या. "ते संध्याकाळी लिहू. आत्ता फोन कुठून करायचे तेवढं सांगा."

अकरा पन्नासला तीन फोन सुरू झाले. पहिल्या तीन परीक्षार्थींना बटणरावाने परत जोडलं आणि बाईंनी पंधरा मिनिटांत तिघींचा हात चाळीसवर आणला. उरल्या पस्तीस. साहेबांनी कोट काढून खुर्चीला लावला आणि शेवटून सुरुवात केली. बटणराव फोन जोडून द्यायचा, नंबर बंद लागला की दुसरा शोधायचा. बाईंनी वरून सुरुवात केली.

सगळ्यात वर टाचणचं नाव होतं. बारा वाजून आठ मिनिटांनी तिचा मोबाइल लावला. लागला नाही. पुन्हा लावला. लागला नाही. बाईंनी नावापुढे गोल केला आणि खालच्या नावाकडे गेल्या.

दुसरी नर्स निवृत्तीला आलेली होती.

"मला पण जरा नवलच वाटलं होतं हो," ती म्हणाली. "तीस वर्षं मी सावकाश देतेय. मग म्हटलं, नवीन नियम आला असेल. हल्ली सगळंच बदलतंय. तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार."

"तसं वाटलं तर विचारायचं होतंत, ताई."

"कुणाला विचारणार? पूर्वी तुम्ही मागे उभ्या असायचात." मग तिचा आवाज खाली आला. "बाई, मागच्या मंगळवारी मी एका बाळाला तसं केलं. दीडेक मिनिट. मग रडलं ते. आता काही नाही ना होणार?"

"दूध पितंय?"

"पितंय. काल बघून आले."

"श्वास भरभर चालतोय का? छाती आत ओढली जातेय?"

"नाही."

"आज परत जाऊन या. मला सांगा." बाईंनी नावाखाली रेघ ओढली. "आता बॅग घ्या हातात. दाबा. दोन. तीन. दाबा. दोन. तीन. मोठ्याने मोजा, मला ऐकू येऊ दे."

एकवीस वर्षांत आज पहिल्यांदाच त्या आकडे तोंडाने म्हणत होत्या.

पलीकडच्या टेबलावर साहेब ओरडत होते, "सोडा, सोडा! छातीला वेळ द्या!" त्यांच्या यादीतल्या एकीने सांगितलं की खरं सांगायचं तर तिने पाठ लावून ठेवला होता आणि भाजी चिरत बसली होती. "फार उत्तम केलंत," साहेब म्हणाले आणि तिला पहिल्यापासून शिकवू लागले.

साडेबारापर्यंत चौदा झाल्या. टाचणचा फोन लागत नव्हता. बटणरावाने तिच्या अर्जातून घरचा नंबर काढला. नवऱ्याने उचलला.

"ती ड्यूटीवर आहे, मॅडम. केंद्रात रेंज नसते. टाकीवर चढलं की येते."

मागून एका म्हातारीचा आवाज आला. "कुणाचा फोन आहे रे?"

"तिच्या ऑफिसातून, आई."

"जेवायला कधी येणार आहे ते विचार. सकाळी सहाला गेलीय, पोळीचा तुकडा तोंडात नाही."

"आई, जरा थांब गं. काय झालं मॅडम? तिचं काही चुकलं का?"

"तिचं काही चुकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "सहाला का गेल्या त्या?"

"एक बाई आलीय ना बाळंतपणाला. पहिलटकरीण. रात्रीपासून कळा चालू आहेत म्हणे. मूल जरा अडून बसलंय, असा निरोप आला होता नऊच्या सुमाराला."

बाईंनी फोन धरलेला हात बदलला. पहिलं बाळंतपण, लांबलेलं. शंभरातल्या ज्या चार-पाच बाळांबद्दल साहेब बोलत होते ती बहुतेक इथूनच येतात.

"तुम्ही केंद्रात जाऊ शकता?"

"मी टेकडीपलीकडच्या खाणीवर आहे, मॅडम. शिफ्ट चालूय. घरचा फोन इकडे वळवलेला आहे, आई डबा घेऊन आलीय. इथून पाऊण तास लागतो. केंद्रासमोर किराणा दुकान आहे, त्यांचा फोन देतो. तारेचा आहे, लागतो." नंबर सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, ती फार अभ्यास करते हो. रोज ते बघते. माझी मुलगीसुद्धा आता बाहुलीला दाबा-दाबा करते."

बाईंनी दुकानाचा नंबर फिरवण्याआधी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"खाणीच्या उपकेंद्राला गाडी पाठवा. नवजात बाळाची सोय असलेली."

"केंद्राकडून मागणी आलेली नाही."

"मी मागणी करतेय."

"आपण पेशंट आहात का?"

"तुमच्या नर्सांना शिकवणारी आहे. गाडी काढा आणि मग मला काय विचारायचं ते विचारा."

साहेबांनी हात पुढे करून फोन घेतला आणि आपलं पद सांगितलं. बारा बावन्नला गाडी निघाली. केंद्रापर्यंत पन्नास मिनिटं.

तेवढ्यात बटणराव म्हणाला, "वहिनी, हे बघा."

तो पोर्टलवर टाचणचा दुसरा काही नंबर सापडतो का बघत होता. तिथे प्रश्नांची पेटी होती. नर्सांनी विचारलेले प्रश्न त्यात पडत आणि विचारणारीला आपोआप उत्तर जाई, 'आपला प्रश्न नोंदवला आहे.' पेटी उघडण्याचं काम कोणाला दिलेलंच नव्हतं. बाईंना वाटत होतं साहेबांचं ऑफिस बघतं, साहेबांना वाटत होतं बाई बघतात. पेटीत एकशे सात प्रश्न होते. तेवीस दिवसांपूर्वीचा एक असा होता.

'पाठ पाचवा. अनुक्रमांक एक : दोन श्वासांच्या मध्ये हवा बाहेर पडायला वेळ कधी मिळतो? व्हिडिओत दिसत नाही. अनुक्रमांक दोन : पुस्तिकेत मिनिटाला चाळीस लिहिले आहे. व्हिडिओत मोजल्यास शहाण्णव भरतात. कोणते धरावे? कृपया मार्गदर्शन व्हावे.'

त्याच्या खाली नऊ दिवसांनंतरचा दुसरा होता.

'उत्तर मिळाले नाही. पुन्हा पुन्हा पाहत आहे. पुस्तिका जुनी असावी असे समजून तूर्त व्हिडिओप्रमाणे सराव करत आहे.'

बटणरावाने पडद्यावरून नजर काढली नाही. "एकीने तरी धरलं होतं, वहिनी."

"दुकानाचा नंबर लावा," बाई म्हणाल्या.

दुकानदाराने दुसऱ्या घंटेला उचलला. मागे तराजूत काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"केंद्राचं दार दिसतंय तुम्हाला?"

"दिसतंय की, ताई. रस्ता ओलांडला की केंद्रच. बाहेर चार-पाच बाया बसल्यात. दार बंद आहे."

"बाळ झालं का?"

"अजून नाही बहुतेक. झालं असतं तर पेढे न्यायला आले असते ना माझ्याकडे."

"तुमच्याकडे कागद आहे? लिहून घ्या. मी सांगते तसंच."

"कागदाला काय तोटा. साबणाच्या खोक्याचा फाडतो. बोला."

साहेब बाईंकडे पाहत होते. सुरुवात कुठून करायची? 'व्हिडिओ चूक आहे' असं पहिलं वाक्य तिने वाचलं आणि तेवढ्यात बाळ आलं, तर? दुसरं वाक्य ती वाचणारच नाही.

"लिहा. बॅग सोडू नका. बॅग द्यायचीच आहे."

"बॅग... द्यायचीच... आहे. कुणाला द्यायची?"

"ते त्यांना कळेल. पुढे. एकदा दाबल्यावर मनात दोन, तीन मोजा. छाती खाली बसू द्या. मग पुन्हा दाबा. मिनिटाला चाळीसच. खाली लिहा, पुस्तिका बरोबर आहे. बाई."

"एवढंच?"

"वाचून दाखवा."

त्याने वाचलं. 'तीन'च्या जागी त्याने 'तीनदा' लिहिलं होतं. बाईंनी खोडायला लावलं आणि पुन्हा वाचायला लावलं. एक वाजून चार मिनिटं झाली होती.

"हा कागद नर्सबाईंच्या हातात द्या. दुसऱ्या कोणाच्या नाही. आणि फोन ठेवू नका, तसाच बाजूला ठेवून जा."

फोनमधून दुकान ऐकू येत राहिलं. पंखा. कोणीतरी आलं, "मालक कुठे गेले?" म्हणालं आणि वाट बघत उभं राहिलं. बाई कानाला फोन लावून बसल्या होत्या. बाजूच्या टेबलावर बटणराव स्वतःच एका नर्सेला सांगत होता, "दाबा, दोन, तीन. नाही हो, मी डॉक्टर नाही. मी... तुम्ही मोजा हो फक्त, बाई पलीकडे फोनवर आहेत."

एक वाजून अकरा मिनिटांनी दुकानदार परत आला.

"दिला, ताई."

"त्यांच्या हातात?"

"आत कुठे सोडतात मला? पुरुषमाणूस मी. खिडकीतून हाक मारली तर ती साफसफाईवाली मावशी आली. तिच्याकडे दिला. म्हटलं, लगेच दे, मोठ्या ऑफिसातून आलंय. तिने पदराला हात पुसले आणि घेतला."

"मग?"

"मग खिडकी लावली."

"तिला वाचता येतं का?"

"मावशीला? माझ्याकडे सही करायची तर अंगठा उठवते. पण ती देईल की. तशी बाई चांगली आहे."

"नर्सबाईंनी वाचला का एवढं मला कळायला हवं. पुन्हा जाल का?"

"जातो. पण दुकानात लोक उभे आहेत, ताई."

"त्यांना उभं राहू द्या," बाई म्हणाल्या, आणि मग, "उपकार होतील."

तो गेला. आला. बाहेर बसलेल्या बायका त्याच्या अंगावर ओरडल्या होत्या, आत बाळंतपण चाललंय आणि हा मेला खिडकी काय ठोठावतोय म्हणून. आतून एवढंच ऐकू आलं होतं, "आणखी एकदा, आणखी एकदा जोर लाव." खिडकी उघडली नव्हती.

एक वाजून वीस मिनिटांनी यादीत अकरा नावं उरली. दीड वाजता सहा. साहेबांचा घसा बसला होता. ते उठले, बाईंच्या टेबलापाशी पाण्याचा ग्लास ठेवला आणि परत जाऊन बसले. वरती कळवायचा कागद त्यांनी समोर ओढला होता. 'चूक कशामुळे झाली' या रकान्यात अजून काही लिहिलेलं नव्हतं.

एक वाजून छत्तीस मिनिटांनी दुकानातून फोन आला.

"झालं बहुतेक, ताई. बाहेरच्या बाया उभ्या राहिल्यात."

"रडण्याचा आवाज?"

"दगडाचे ट्रक चालूच आहेत ना समोरून. मला काही ऐकू आलं नाही."

"बायकांना विचारा."

त्याने दुकानातूनच हाक मारून विचारलं. उत्तर यायला वेळ लागला. फोनवर ट्रकचा आवाज आला, गेला, दुसऱ्याचा आला.

"त्या म्हणतात, त्यांना पण ऐकू आलं नाही."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पहिलं मिनिट बाळाला पुसण्यात जातं. त्यानंतर बॅग. आता तिचा हात चालू असेल. एक मिनिट कमी, एक मिनिट जास्त.

"वहिनी, तिने पुस्तिका वाचलेली आहे," बटणराव म्हणाला. "चाळीस माहीत आहे तिला."

"माहीत सगळ्यांनाच होतं, भाऊजी."

एक वाजून एक्केचाळीसला गाडी केंद्राच्या फाटकात शिरली, हे दुकानदाराने सांगितलं. दोन माणसं पेटी घेऊन पळत आत गेली. एक वाजून अठ्ठेचाळीसला साफसफाईवाली मावशी रिकामी बादली घेऊन बाहेर आली. दुकानदाराने तिला रस्त्यापलीकडून बोलावून फोनवर घेतलं.

"मावशी, कागद दिलात का नर्सबाईंना?"

"दिला म्हणजे काय, त्यांचे हात गुंतलेले होते. मी म्हटलं, कागद आलाय. त्या म्हणाल्या, वाचून दाखव. आता मी काय वाचणार? मी समोर धरला."

"त्यांनी पाहिला?"

"पाहिला असंल. त्यांची मान खाली होती."

"बाळ रडलं का?"

"ते मला कसं कळणार बाई, मला पाणी आणायला पाठवलं ना. आले तर गाडीवाले आत होते. मला बाहेर काढलं." मग ती म्हणाली, "नर्सबाई काहीतरी पुटपुटत होत्या. देवाचं नाव घेत होत्या का काय, माहीत नाही."

"आकडे म्हणत होत्या का?"

"मला नाही समजलं. जाऊ का? पाणी भरायचंय."

एक वाजून सत्तावन्न मिनिटांनी गाडी फाटकातून बाहेर पडली. आत कोण कोण बसलं ते दुकानदाराला ट्रकमुळे दिसलं नाही. वरचा दिवा लागलेला होता. केंद्राच्या दाराला कुलूप होतं. म्हणजे टाचण गाडीतच असणार.

खाणीपासून टेकडी उतरेपर्यंत ड्रायव्हरचा फोन लागत नाही. बाईंनी तरीही चार वेळा लावला. मग मोठ्या रुग्णालयातल्या बाळांच्या वॉर्डला लावला. तिथली सिस्टर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी होती.

"गाडी येतेय ते कळलंय, बाई. काचेची पेटी गरम करून ठेवलीय. गाडीतल्या यंत्रावरून निघताना नियंत्रण कक्षाकडे फक्त आकडा आलाय, दोन पेशंट."

"दोन म्हणजे बाळ आहे."

"बाई, तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीच शिकवलंय. वाटेत काही झालं असलं तरी दारात डॉक्टर बघेपर्यंत कागदावर दोनच असतात."

"हो," बाई म्हणाल्या. "आलं की मला फोन कर. काहीही असलं तरी."

दोन वाजून तेवीस मिनिटांनी साहेबांनी टाचण सोडून यादीतलं शेवटचं राहिलेलं नाव पूर्ण केलं. ती नर्स रजेवर, बहिणीच्या घरी होती आणि बॅग जवळ नसल्यामुळे तिने उशी दाबून दाखवली. सदतीस झाल्या. बटणरावाने पाचवा पाठ पोर्टलवरून उतरवला आणि मूळची एकोणीस मिनिटांची फीत दोन तुकड्यांत चढवायला लावली. ती चढत असताना बाई त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी ती सुरुवातीपासून पाहायला घेतली. स्वतःचा आवाज आला तेव्हा त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं, पण उठल्या नाहीत. मध्येच घरून फोन आला. बाईंचा नवरा होता, तुम्ही दोघंही जेवायला आला नाहीत म्हणून विचारत होता. बटणरावाने "दादा, नंतर" एवढंच म्हणून ठेवून दिला.

साहेबांनी कागदाच्या त्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या, खोडल्या आणि कागद बाईंकडे सरकवला.

गाडी दोन सत्तेचाळीसला पोहोचायला हवी होती. दोन पन्नासला बाईंनी वॉर्डला फोन केला. आलेली नव्हती. नियंत्रण कक्षाने सांगितलं की टेकडीखालच्या नाक्यावर गाडी दोन बत्तीसला दिसली आणि तिथे ती चार मिनिटं उभी होती. का उभी होती, ते नोंदवलेलं नाही. ड्रायव्हर अजूनही फोन उचलत नव्हता.

दोन वाजून एकोणसाठ मिनिटांपर्यंत गाडी रुग्णालयात पोहोचल्याची नोंद झालेली नव्हती.